फ्लेक्स नको, वही काढा

प्रति,
बेळगाव शहर आणि तालुक्यातल्या सर्व सार्वजनिक गणेशोत्सव व शिवजयंती मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी पोरं यांस,

सप्रेम जय शिवराय.

गेल्या आठवड्यात मित्राच्या गाडीवरून येळ्ळूरला निघालो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. रस्त्याच्या कडेला एका शेतात पिंजराची गंजी आणि गंजीवर मी. म्हणजे गंजीवर झाकलेल्या जुन्या फ्लेक्सवरचा माझा फोटो. डोक्यावर चार केस, डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन आणि खाली लाल अक्षरांत ‘ग्रस्त तरुणास जीवदान द्या’. ‘कॅन्सर’ हा शब्द घडीत गेला होता. दोन पावसाळे खाऊन रंग उडालाय, पण ओळखू येतो. मित्राने गाडी थांबवली. मला हसू आलं. तो काही हसला नाही.

हे पत्र त्या फ्लेक्सबद्दल आहे. भांडण म्हणून वाचू नका. मी तुमच्यातलाच. आठवीत होतो तेव्हापासून मंडपाचे वासे ओढलेत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कपिलेश्वर तलावाच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या झोपलोय. आणि असले फ्लेक्स मी स्वतः लावलेत. पलीकडच्या गल्लीतल्या एका काकूंच्या किडनीसाठी लावला, तेव्हा खांबावर चढलेला मीच होतो. त्यांना आधी विचारलं होतं काय? नाही. कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

माझी गाठ मला आरशात दिसली नाही, ती सापडली रंग लावताना. २०२३ ची वैशाखातली शिवजयंती. चित्ररथावर आमचा पावनखिंडीचा देखावा होता आणि मी बाजीप्रभूंच्या मागे पडलेला मावळा. संवाद काही नाही, नुसतं तीन-चार तास जखमी होऊन पडायचं. रंगभूषावाले काका माझ्या मानेवर डावीकडे तलवारीचा वार रंगवत होते. बोटाने लाल रंग पसरवता पसरवता थांबले. पुन्हा दाबून बघितलं. म्हणाले, “हितं गाठ आल्या की रे तुझ्या. दुखतंय काय?” दुखत नव्हतं. “मग बरं,” म्हणून त्यांनी गाठीवरच जखम रंगवली. उंचवट्यामुळे ती म्हणे जास्त खरी दिसत होती. त्या रात्री सगळ्यांनी माझ्या जखमेचं कौतुक केलं.

दुखत नाही म्हणजे बरं, हे काकांचं चुकलं, माझंही चुकलं. दुखरी गाठ बहुतेक वेळा घसा, दात, कान असल्या कशाने तरी येते आणि जाते. न दुखणारी, रबरासारखी, दोन-तीन आठवडे झाले तरी न जाणारी गाठ दाखवायलाच हवी. मी दाखवली, पण महिन्याभराने. तोवर संध्याकाळी अंग तापायला लागलं होतं, रात्री गोधडी पिळून काढावी इतका घाम यायचा आणि ६४ किलोचा मी ५७ वर आलो होतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर (लोखंड कापणारं, संगणकावर चालणारं) कामाला होतो. पोरं म्हणायची, डाएट चालू केलास काय.

पहिल्या डॉक्टरांनी टीबीची गाठ म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण शंका घेतली म्हणून ते चुकले असं मला अजून वाटत नाही. आपल्याकडे मानेला गाठ, ताप, घाम, वजन घटणं म्हटलं की टीबी आधी आठवतो आणि बऱ्याचदा तो निघतोही. चुकलं ते एवढंच, की गाठीचा तुकडा कुणी तपासला नाही. दोन महिने गोळ्या खाल्ल्या. लघवी नारिंगी व्हायची, आई म्हणायची औषध लागू पडतंय. गाठ मात्र एकाची तीन झाली. मग दुसरीकडे गेलो. तिथे आधी सुई घालून पाणी काढलं, त्यात काही कळलं नाही, मग अख्खी गाठच काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट आला हॉजकिन लिम्फोमा. लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर.

१८३२ मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टराने तो पहिल्यांदा नोंदवला. हे मला कसं माहीत? त्या रात्री मी गच्चीत बसून मोबाईलवर जे मिळेल ते वाचत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पेशी घुबडाच्या दोन डोळ्यांसारखी दिसते, तेही तेव्हाच वाचलं. मग दोन दिवस डोळे मिटले की घुबड. हा आजार वयाच्या विशी-तिशीत जास्त गाठतो आणि जे कॅन्सर औषधाने पूर्ण बरे होऊ शकतात त्यांत याचा नंबर फार वरचा आहे. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ‘कॅन्सर’ म्हटल्यावर पुढचं बाबांना ऐकूच गेलं नाही. गल्लीत तर प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, “तंबाखू खायचास काय?” निपाणी जवळ म्हणून असेल. अहो, मी सुपारीसुद्धा खात नाही, आणि या आजाराचा तंबाखूशी तसा संबंधही नाही. पण प्रत्येकाला माझा काहीतरी गुन्हा हवा होता. तो सापडला की आपण सुटलो, असं असावं.

केमो ऑगस्टमध्ये सुरू झाली. चार औषधं, दर पंधरा दिवसांनी एकदा, अशा बारा वेळा. पहिलं औषध लालभडक. सिस्टर ते सिरिंजने हळूहळू सोडायच्या आणि मग दिवसभर लघवी लाल. आधी नारिंगी, आता लाल, मी आईला म्हटलं देखाव्याचे रंग चाललेत. शेवटच्या औषधाला उजेड चालत नाही, म्हणून ती बाटली काळ्या पिशवीत गुंडाळून टांगतात. ते शिरेतून जाताना हात कोपरापर्यंत जळतो. बैलहोंगलकडच्या एक सिस्टर होत्या, त्या गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवायच्या आणि “स्वल्प तडी, स्वल्प तडी” म्हणजे थोडं थांब, थोडं थांब, म्हणत बसायच्या. रोज आल्या आल्या पहिलं वाक्य “ऊट आत?” जेवलास काय, एवढंच. माझी कानडी कारखान्यातली, तिच्यात शिव्या जास्त. त्या वॉर्डात मी चांगली कानडी शिकलो.

बाबांचं मात्र अवघड होतं. ते मराठी शाळेत चौथी शिकलेले, वडगावात मागावर काम करतात. संमतीपत्र इंग्रजीत आणि कानडीत. सहीला बोलावलं की ते आधी माझ्याकडे बघायचे. केमोच्या आधी डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच विचारलं, “लग्न झालंय? पुढे मूल हवं असेल तर आधी वीर्य साठवून ठेवता येतं.” बाबा म्हणाले, “नको नको, तसलं काय नको.” माझ्या वतीने. मी गप्प बसलो. या औषधांत मूल न होण्याचा धोका कमी असतो हे नंतर कळलं, म्हणून आज शांतपणे लिहितोय. पण तेविसाव्या वर्षी तो प्रश्न मला एकट्याला विचारायला हवा होता, आणि माझ्या शेजारी बाबांऐवजी माझ्या वयाचा कुणीतरी हवा होता.

आता फ्लेक्सकडे येतो.

सप्टेंबरात, गणपतीच्या आठेक दिवस आधी, मंडळाची पोरं भेटायला आली. केस गळायला लागले होते. सकाळी उशीवर पुंजकेच्या पुंजके. पोरांनी नारळपाणी आणलं, गप्पा झाल्या, जाताना एकाने फोटो काढला. मला वाटलं आठवण म्हणून. चौथ्या दिवशी चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स. वरच्या ओळीत नेतेमंडळी, त्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, प्रत्येकाचा गोल फोटो, गॉगलसकट. त्याखाली मी. आणि सगळ्यात तळाला, वाढदिवसाच्या फ्लेक्सची जुनी फाईल वापरली असणार, ‘शुभेच्छुक : समस्त गल्लीतील मित्रपरिवार’. माझ्या कॅन्सरला शुभेच्छा. आजही आठवलं की हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

८६,५०० रुपये जमले. पाकीट बाबांच्या हातात दिलं तेव्हा ते रडले, आणि त्या पैशाने आम्हाला तारलं, हे इथे स्पष्ट लिहितो. पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारी तपासणी, त्यातूनच झाला. म्हणजे पैसे नको होते असं नाही. पण त्या फोटोने काय काय नेलं तेही ऐका. ताईला चंदगडकडचं स्थळ आलं होतं, बोलणी सुपारीपर्यंत आलेली. फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवरून तिकडे पोचला. “घराण्यात आहे काय?” म्हणून विचारणा झाली, मग फोन उचलणंच बंद. (ताईचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं, तो विषय संपला.) कारखान्यात सुपरवायझर म्हणाले आराम कर आणि माझ्या मशीनवर कायमचा दुसरा घेतला. शेजारच्या काकूंनी आमच्याकडे पाणी प्यायचं सोडलं. हा आजार कुणाच्या पाण्याने, हाताने, उष्ट्याने पसरत नाही. पण फ्लेक्सवर हे लिहायला जागा कुठे होती?

गंमत बघा, ज्यांनी तो फ्लेक्स लावला त्यांनीच दोन आठवड्यांनी माझा जीव वाचवला.

अनंत चतुर्दशीची रात्र, २८ सप्टेंबर. चौथी केमो होऊन आठवडा झालेला. या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, साधा जंतूही झेपत नाही. कागदावर लिहून दिलं होतं की ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, तासाभरात दवाखाना, कारण अँटिबायोटिक शिरेतूनच द्यावं लागतं. रात्री अकराला १०१.६. थंडी वाजून दात आपटत होते. आणि बाहेर बेळगावची विसर्जन मिरवणूक! आपली मिरवणूक म्हणजे दुसरा दिवस उजाडतो तरी संपत नाही. रिक्षावाल्याने चौकातूनच हात हलवला. बाबा नुसते दारात उभे. मी मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. पाच मिनिटांत दोघं दारात. एकाने मला बुलेटवर मध्ये बसवलं, दुसरा मागून धरून. पुढे तीन पोरं पळत, शिट्ट्या मारत, ट्रॅक्टर कडेला घ्यायला लावत. तीन मंडळांनी आपापलं वाजप बंद केलं. त्या तेवढ्या अंतरात, गुलालाच्या थरावरून गाडी घसरत जात असताना, मला आयुष्यात पहिल्यांदा मिरवणुकीतली शांतता ऐकू आली. पावणेबाराला सलाईन चालू होती. सात दिवस आत होतो. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या रात्रीसाठी वर्गणी लागली नव्हती. फ्लेक्स लागला नव्हता. लागलं होतं ते एवढंच, की कुणाकडे गाडी आहे आणि कोण जागा आहे हे मला माहीत होतं. आणि मला तरी माहीत होतं, कारण मी मंडळातला. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडच्या एका खेड्यातला पोरगा होता, रक्ताचा कॅन्सर. त्याला वरचेवर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) लागायच्या. त्याचा बाप पहाटे मोबाईल घेऊन जिन्यात उभा राहायचा आणि कुणाला फोन करावा हे न कळून तसाच परत यायचा. आपण गणपतीत एका दिवसात शेकड्याने बाटल्या रक्त गोळा करतो, पेपरात फोटो येतो. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, आणि लाल पेशी महिना-सव्वा महिना. गणपतीत दिलेलं रक्त दिवाळीनंतर त्या पोराला काय कामाचं? पुरुषाला दर तीन महिन्यांनी रक्त देता येतं. दोनशे जणांनी एका दिवशी देण्यापेक्षा आठवड्याला चार चार जणांनी वर्षभर दिलं, तर शिबिराचा मांडवसुद्धा वाचतो.

म्हणून म्हणतो, वही काढा. वर्गणीची वही प्रत्येक मंडळाकडे आहेच, रुपयान् रुपया लिहिलेला. तसलीच दुसरी. एका पानावर रक्तगट आणि नावं. एका पानावर रात्री-अपरात्री चारचाकी काढणारे. एका पानावर कानडी वाचून मराठीत सांगणारे. आपल्या गल्लीत अशी पोरं ढिगाने आहेत, कानडी शाळेत शिकलेली, त्यांना कधी कुणी विचारलंच नाही.

आणि एक पान कागदपत्रांचं. हे पान मोठं करा, कारण आम्ही इथेच सगळ्यात जास्त पायपीट केली. कुणी सांगितलं महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आता सीमाभागाला लागू आहे, दाखले काढा. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी तसं ठरवलं खरं, कर्नाटकाने हरकत घेतली, पेपरात रोज बातम्या. बाबांनी कामाचे चार दिवस बुडवून दाखल्यांची फाईल केली. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या एकीकरणाच्या सभेला लहानपणापासून जाणारा मी, मलासुद्धा त्या आठवड्यात राज्य कुठलं याच्याशी देणंघेणं राहिलं नव्हतं, खिडकी कुठली एवढंच हवं होतं. शेवटी काम झालं ते घरातल्या बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) रेशनकार्डावर. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात; एपीएलवाल्यांना, म्हणजे रेषेच्या वरच्यांना, उपचाराच्या ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. पण खासगी रुग्णालयात जायचं तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी) लागतं. हे एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. शेजारच्या खाटेवरचा पोरगा पुढे मुंबईला टाटाला गेला. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत तिकिटाचे पैसे लागत नाहीत, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते, फक्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन काउंटरवर जावं लागतं. त्याच्या बापाने पहिल्या दोन वेळा पूर्ण पैसे भरले होते.

बाकी राहिलं वॉर्डात बसायचं पान. लोकांना वाटतं केमोची औषधं महाग, त्यानेच घर बसतं. आमचं बिल बरंचसं कार्डावर गेलं. घर बसलं ते बाबांच्या मजुरीने. मागावर जेवढं कापड तेवढा पगार, आणि बाबा माझ्या उशाला स्टुलावर. कुणीतरी दुपारी चार तास येऊन बसलं असतं, तर ते अर्धी पाळी करून आले असते. तुम्ही सगळे भेटायला यायचात, दहा-दहा जण, दहा-दहा मिनिटं. केळी एवढी जमायची की आम्ही वॉर्डभर वाटायचो. एकाने चार तास बसायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नसतं सुचलं.

पैसे गोळा करायचे तर जरूर करा. पण आधी त्या माणसाला विचारा. एकट्याला विचारा, बापासमोर नाही. फोटो हवा काय, नाव हवं काय, आजार लिहायचा काय. तो नाही म्हणाला तर ‘आपल्या गल्लीतल्या एकासाठी’ एवढं पुरे आहे. आपल्या गल्लीला तेवढ्यावर पैसे देता येतात, विश्वास ठेवा. मंडपाच्या झालरीसाठी देतात, तर माणसासाठी देणार नाहीत?

माझं सांगायचं तर केमो फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली. मध्ये दोनदा पेशी कमी म्हणून तारीख पुढे गेली होती. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. परतायचं असलं तर हे दुखणं बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत परततं, त्यातलं दीड वर्ष गेलं. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आदल्या रात्री मी अजून मान चाचपत जागतो. केस आले, आधीपेक्षा कुरळे. दुसऱ्या एका कारखान्यात लागलोय. पण बोटांची टोकं वर्षभर बधिर होती, औषधाचाच परिणाम. मशीनवरून जॉब (घडवलेला तुकडा) उतरवला की कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कूस, राहिलाय काय हे आम्ही बोट फिरवून बघतो. मला बोट फिरवून कळायचं नाही. बोट कापायचं, रक्त दिसायचं, मग कळायचं बर आहे. आता कळतं. अंगठ्याला अजून थोडं कमी.

गणपतीच्या बैठका सुरू झाल्यात. आमच्या मंडळाची रविवारी आहे, दोनशे पानी वही मी विकत घेतलीय, घेऊन येतो. बाकीच्या मंडळांनी आपापली घ्यावी. रक्ताच्या पानावर माझं नाव येणार नाही, कॅन्सर होऊन गेलेल्याचं रक्त घेत नाहीत. कानडीच्या पानावर येईल. आणि वॉर्डात बसायच्या पानावर पहिलं नाव माझं लिहा, दुसरी पाळी असेल तो आठवडा सोडून.

आपला,
मंडळाचा एक कार्यकर्ता
वडगाव, बेळगाव

ता. क. : नाव घातलं नाही, ते एकदा चौकात लागून झालंय. आणि येळ्ळूर रस्त्यावरचा तो फ्लेक्स काढायला कुणी जाऊ नका. पाऊस आहे, पिंजर भिजेल. नुसता उलटा करून घाला म्हणून मी मालकांना सांगून आलोय.